पिंपात मुरलेल्या तीव्र तपकिरी एलचा आस्वाद : वर्णन, कारण आणि मूल्य

व्हिस्कीच्या रिकाम्या पिंपांत मुरविलेली तीव्र एल हा मद्यप्रकार १९९० नंतरच्या काळात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आणि पुढे ब्रिटनमध्ये रूढ झाला. या एलच्या आस्वादाची जी वर्णने प्रसिद्ध होतात त्यांत व्हॅनिला, नारळ, जळकी साखर, खजूर, भाजलेले दाणे, धूर, बर्बन असे शब्द एकापाठोपाठ येतात. ते वाचणाऱ्याचा सहज असा समज होतो की, यांतील काही गुण धान्याचे, काही लाकडाचे आणि काही व्हिस्कीचे असून आस्वादकाने जिभेच्या व नाकाच्या बळावर त्यांची वाटणी करून दाखविली आहे. हा समज कितपत टिकतो, याची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आस्वादकाच्या बोलण्यात तीन निरनिराळ्या जातींची विधाने मिसळलेली असतात. 'हिला व्हॅनिलाचा वास आहे' हे वर्णन झाले. 'हा वास लाकडातून आला' हे कारणविषयक विधान झाले. 'हा वास हिला शोभतो' हे मूल्यविधान झाले. ही तिन्ही विधाने एकाच दमात व एकाच अधिकाराने केली जातात. परंतु त्यांना लागणारा पुरावा एक नाही. खाद्यपेयांच्या अभ्यासकाला पुढे चहा, तूप, कॉफी किंवा मद्य यांपैकी कशाचीही परीक्षा करावयाची असो, हा भेद त्याने प्रथम आत्मसात करणे अगत्याचे आहे. त्यासाठी पिंपात मुरलेल्या तपकिरी एलइतके बोधप्रद उदाहरण क्वचितच सापडेल. कारण तिच्यातील जवळजवळ प्रत्येक ठळक गुणाला एकाहून अधिक उगम संभवतात.

एल आणि तिचा तपकिरी वर्ण

जवाला मोड आणून ते भट्टीत वाळविले म्हणजे माल्ट होते. माल्टचा पाण्यात काढलेला गोड अर्क हॉपच्या फुलांसह उकळून, निवाल्यावर तो सॅकरोमायसीस सेरेव्हिसी या यीस्टच्या योगाने साधारण १८ ते २२ अंश सेल्सिअस तापमानात आंबविला की एल तयार होते. तपकिरी एलचे सर्वपरिचित इंग्रजी उदाहरण म्हणजे १९२७ साली विक्रीस आलेली 'न्यूकॅसल ब्राऊन एल' होय. तिच्यातील मद्यार्काचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आतच असते. पिंपात मुरविण्यासाठी जी एल योजतात ती याच कुळातील, परंतु ८ ते १२ टक्के मद्यार्काची असते. सौम्य एल महिनोन्महिने लाकडात निर्दोष राहणे कठीण, आणि राहिलीच तरी पिंपाच्या स्वादापुढे तिचा स्वतःचा स्वाद लोपून जातो.

एलला तपकिरी वर्ण येतो तो माल्टमुळे. शर्करा आणि अमिनो आम्ले यांच्यात उष्णतेने घडून येणाऱ्या विक्रियांचे वर्णन लुई कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली केले. पोळीवरचे डाग, भाजलेले शेंगदाणे आणि भट्टीत भाजलेले माल्ट या सर्वांचा वर्ण व खमंगपणा मुख्यतः याच विक्रियांचे फळ आहे. त्यांतून मेलॅनॉइडिन ही गडद रंगाची द्रव्ये निर्माण होतात. त्यांबरोबरच पाकासारख्या वासाची माल्टॉल व फ्युरॅनिऑल आणि भाजल्या वासाची पायराझिने हीही निर्माण होतात. 'क्रिस्टल' नावाचे माल्ट ओले असतानाच तापविलेले असल्यामुळे त्याच्या दाण्याच्या आतच शर्करेचा पाक होतो. 'चॉकलेट' माल्ट त्याहून पुष्कळच अधिक भाजलेले असते. त्यात चॉकलेट मुळीच नसते, केवळ वर्णसाम्यावरून ते नाव पडले आहे. यीस्ट आपली भर निराळी घालते. आयसोअमिल अॅसिटेटसारख्या एस्टरांमुळे केळ्याचा, तर एथिल हेक्झॅनोएटमुळे सफरचंदाचा वास येतो. एल जसजशी जुनी होते तसतसे केळ्याच्या वासाचे हे एस्टर विघटन पावतात आणि ताज्या फळाची छटा मंदावते.

पिंप

मराठीतील 'पिंप' हा शब्द पोर्तुगीज भाषेतील 'पीपा' या शब्दावरून आला असून मूळ शब्दाचा अर्थच मद्य साठविण्याचे लाकडी भांडे असा आहे. आपल्याकडे पुढे ते पाण्याचे आणि तेलाचे, आणि बहुधा पत्र्याचे झाले. येथे मात्र तो शब्द त्याच्या जुन्या अर्थाने घ्यावयाचा आहे.

व्हिस्कीची रिकामी पिंपे एवढ्या मुबलकपणे मिळतात याचे कारण अमेरिकन कायद्यात आहे. बर्बन या नावाने विकावयाच्या व्हिस्कीच्या धान्यमिश्रणात निदान ५१ टक्के मका असावा लागतो. तिचे ऊर्ध्वपातन ८० टक्क्यांहून अधिक मद्यार्कापर्यंत करता येत नाही. पिंपात भरताना ती ६२·५ टक्क्यांहून तीव्र असता कामा नये. आणि ते पिंप ओकच्या लाकडाचे, नवे व आतून जाळलेले असलेच पाहिजे. म्हणजे एकदा बर्बन काढून घेतली की ते पिंप बर्बनच्या कामाचे उरत नाही. सुमारे २०० लिटरांची ही पिंपे मग स्कॉटलंडात जातात. गोव्यात कुंकळ्ळी येथे तयार होणारी 'पॉल जॉन' ही सिंगल माल्ट व्हिस्कीदेखील अशाच अमेरिकन पिंपांत मुरविली जाते. त्यांतील काही पिंपे एल करणाऱ्यांकडे येतात. यातून एक गोष्ट ध्यानात येईल. 'व्हिस्कीचे पिंप' हा शब्दप्रयोग एकच वस्तू दाखवीत नाही. केंटकीतून थेट आलेले पिंप एकदाच वापरलेले असते, तर स्कॉटलंडातून आलेले पिंप बहुधा दोनदा किंवा त्याहून अधिक वेळा वापरून झालेले असते.

अमेरिकन पांढऱ्या ओकच्या लाकडातील वाहिन्या आतून वाढलेल्या पेशींनी बुजलेल्या असतात, म्हणून त्याच्या फळ्यांतून द्रव पाझरत नाही. या लाकडाचे मुख्य घटक सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन हे होत. त्यांखेरीज त्यात टॅनिने व मेदजन्य द्रव्ये असतात. पिंप आतून जाळले म्हणजे पृष्ठभागावर कोळशाचा थर येतो आणि त्याच्यामागे शेकलेल्या लाकडाचा पट्टा तयार होतो. आस्वादाच्या दृष्टीने महत्त्व आहे ते या पट्ट्याला. त्यात हेमिसेल्युलोजपासून फरफ्युराल व माल्टॉल ही द्रव्ये होतात. लिग्निनपासून व्हॅनिलिन व सिरिंगाल्डिहाइड, तसेच धुराच्या वासाचे ग्वायाकॉल निर्माण होते. ओकमधील मेदजन्य द्रव्यांपासून ओक-लॅक्टोन मिळते. नारळाचा म्हणून जो वास ओळखला जातो तो त्याचा. या लॅक्टोनची दोन समघटक रूपे असून त्यांपैकी 'सिस्' या रूपाचा वास अधिक प्रखर असतो आणि तेच रूप अमेरिकन ओकमध्ये विपुल असते. कोळशाचा थर स्वतः फारसा स्वाद देत नाही. तो गंधकयुक्त द्रव्ये शोषून घेण्याचे काम करतो.

लाकडात शिल्लक राहिलेली व्हिस्की

पिंप रिकामे केले तरी ते पूर्ण रिकामे होत नाही. वर्षानुवर्षे आत-बाहेर करणारी व्हिस्की फळ्यांच्या जाडीत मुरलेली असते व ती काही लिटर भरते. उदाहरणादाखल असे धरू की, २०० लिटरांच्या पिंपाच्या लाकडात ६० टक्के मद्यार्काची ४ लिटर व्हिस्की शिल्लक आहे. तिच्यात २·४ लिटर शुद्ध मद्यार्क आहे. तो सर्वच्या सर्व एलमध्ये उतरला असे मानले तरी एलची तीव्रता १·२ टक्क्यांनी वाढेल. प्रत्यक्षात काही भाग लाकडातच राहणार असल्याने वाढ याहून कमी होईल. पिंपातून काढलेल्या एलमध्ये व्हिस्कीचा दाह जाणवला तर त्याचा काही अंश असा अक्षरशः व्हिस्कीचाच असतो, हे यावरून कळते.

परंतु गंधाच्या बाबतीत वाटणी इतकी सोपी नाही. व्हिस्कीमध्ये व्हॅनिलिन व लॅक्टोन असतात, पण तेही तिला याच लाकडाने दिलेले असतात. एलला मिळणारे व्हॅनिलिन थेट फळीतून आले की फळीत मुरलेल्या व्हिस्कीच्या मार्गाने आले, हा प्रश्न रेणूच्या दृष्टीने निरर्थक आहे. कोणत्याही रेणूवर त्याच्या उगमाची मुद्रा उमटविलेली नसते. व्हिस्कीचे स्वतःचे म्हणून जे एस्टर व उच्च अल्कोहोल असतात ते यीस्टजन्य असल्याने एलमध्येही आढळतात. पाकाच्या वासाचे माल्टॉल भाजलेल्या माल्टमध्ये असते आणि शेकलेल्या ओकमध्येही असते. धुराच्या वासाचे ग्वायाकॉल जळलेल्या लिग्निनमधून येते, तसेच स्कॉटलंडातील पीटच्या धुरावर वाळविलेल्या माल्टमधूनही येते. त्याच्या सोबतीला क्रेसॉल भरपूर असले तरच पीटकडे बोट दाखविता येते. म्हणून 'व्हॅनिला', 'बर्बन' आणि 'ओक' असे तीन शब्द एका ओळीत लिहिणाऱ्या आस्वादकाने तीन स्वतंत्र साक्षीदार उभे केले आहेत असे मानू नये. बहुधा एकाच साक्षीदाराला त्याने तीन नावांनी हाक मारलेली असते.

काल आणि हवा

मुरण्याचा काळ हाही एक घटक आहे. केंटकीतील लेक्सिंग्टन येथे २००६ पासून निघणारी, सुमारे ८·२ टक्के मद्यार्काची 'केंटकी बर्बन बॅरल एल' नुकत्याच रिकाम्या केलेल्या पिंपांत फार तर सहा आठवडे ठेवली जाते. याउलट अनेक तीव्र एल सहा महिने ते वर्षभर ठेवण्याची रीत आहे. अल्प मुदतीत फळीतील व्हिस्की व तिच्यासह सहज विरघळणारी द्रव्ये एलमध्ये उतरतात. दीर्घ मुदतीत त्यांखेरीज प्राणवायू आपले कार्य करू लागतो, कारण फळ्यांच्या सांध्यांतून आणि बुचाच्या भोवतालातून हवा मंद गतीने आत येत राहते.

प्राणवायूचे परिणाम दोन दिशांना जातात. एकीकडे ट्रान्स-२-नोनेनाल या अल्डिहाइडमुळे ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. त्याची जाणीव होण्यास लिटरला सुमारे ०·१ मायक्रोग्रॅम एवढे अत्यल्प प्रमाण पुरते. दुसरीकडे मनुका, खजूर आणि शेरी यांची आठवण करून देणारे गंध येतात. जुन्या मद्यांत आढळणारे सोटोलॉन हे द्रव्य या दुसऱ्या गटात पडते, आणि ते आपल्याकडील वाचकाला अपरिचित नाही. मेथीच्या दाण्याचा जो विशिष्ट वास, तो मुख्यतः सोटोलॉनचाच. अल्प प्रमाणात ते पाकासारखे भासते व प्रमाण वाढले की मेथीसारखे. म्हणजे पाकाच्या वासाला माल्ट आणि लाकूड यांच्या जोडीस काल हा तिसरा उगमही असू शकतो.

लाकडाच्या छिद्रांत सूक्ष्मजीवही राहतात. ब्रेटॅनोमायसीस या यीस्टचे वर्णन कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग मद्यशाळेतील क्लाउसेन यांनी १९०४ साली केले. इंग्लंडमधील साठवणीच्या बिअरचा विशिष्ट स्वाद त्यांनी या यीस्टला जोडला. त्याच्यापासून येणारा ४-एथिलफिनॉलचा वास गोठ्याची किंवा घोड्याच्या खोगिराची आठवण देतो. आंबटपणा आला असल्यास त्याचाही उगम पाहावा लागतो. लॅक्टिक आम्लाला जवळजवळ वास नसतो, तर अॅसिटिक आम्ल बाष्पनशील असल्याने सिरक्याप्रमाणे नाकाला झोंबते. पहिले लॅक्टोबॅसिलस किंवा पेडिओकॉकस या जिवाणूंचे, व दुसरे बहुधा हवेच्या साहाय्याने वाढणाऱ्या अॅसिटोबॅक्टरचे काम असते. पिंपात भरण्यापूर्वीचे व नंतरचे विशिष्ट गुरुत्व मोजलेले असेल आणि ते घटलेले आढळले, तर उरलेल्या शर्करेवर कोणीतरी पुन्हा ताव मारला आहे, हे जिभेच्या साक्षीवाचूनही सांगता येते.

प्याल्यापुढे

आता प्रत्यक्ष आस्वादाकडे वळू. प्याला तळाशी रुंद व तोंडाशी निमुळता असावा आणि तो एक-तृतीयांशाहून अधिक भरू नये, म्हणजे गंध साठण्यास जागा राहते. एल १२ ते १४ अंश सेल्सिअस तापमानाची असावी. फार थंड एलमध्ये गंधद्रव्यांचे बाष्पीभवन मंदावते व गोडीची जाणीव कमी होते. त्यामुळे कडूपणा व तुरटपणा वाजवीपेक्षा पुढे येतात.

डोळ्यांना प्रथम वर्ण व फेस दिसतो. पिंप दाब धरू शकत नसल्यामुळे त्यातून काढलेली एल जवळजवळ वायुरहित असते व तिच्यात कार्बन डायऑक्साइड मागाहून भरला जातो. म्हणून बुडबुड्यांवरून मुरण्याविषयी काहीच अनुमान काढू नये. वर्णाविषयी तर अधिकच सावध राहणे इष्ट. बोर्दो येथे मोरो, ब्रोशे आणि दुबूर्दिए यांनी केलेला व २००१ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग या बाबतीत प्रसिद्ध आहे. द्राक्षमद्यविद्येच्या ५४ विद्यार्थ्यांना गंधहीन रंगाने लाल केलेली पांढरी वाइन दिली असता, त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनला लावावयाच्या शब्दांनी केले. तपकिरी वर्ण पाहताच पाक, खजूर, चॉकलेट हे शब्द ओठांवर येतात, त्यांतील काही नाकाने पाठविलेले नसून डोळ्यांनी पाठविलेले असतात.

यानंतर प्याला हलकेच फिरवून थोडथोडा वास घ्यावा. दीर्घ श्वास घेतल्यास मद्यार्काने नाक बधिरते. पहिल्या क्षणी जाणवलेला वास लगेच नोंदवावा, कारण घ्राणेंद्रिय फार लवकर सरावते. घोट घेतल्यावर गंधाचा दुसरा मार्ग खुला होतो. तोंडातील उबेने मोकळी झालेली द्रव्ये घशामागून नाकात चढतात, आणि आपण जिला 'चव' म्हणतो तिचा बराच मोठा भाग वस्तुतः हा मागील दाराने आलेला गंध असतो. गिळल्यानंतर नाक चिमटीत धरून पाहिल्यास याची खात्री पटते. व्हॅनिला, नारळ, पाक सर्व नाहीसे होतात आणि गोड, कडू, आंबट व दाह एवढेच उरते. व्हॅनिलिन गोड नसते. परंतु त्याच्या वासामुळे घोट अधिक गोड भासतो. एल 'पिंपात मुरून गोड झाली' असे विधान शर्करेचे मापन केल्यावाचून करू नये, ते यासाठी.

दाह व तुरटपणा या जाणिवा रसनेच्या नाहीत. मद्यार्काचा दाह ज्या ग्राहकामार्फत जाणवतो त्याच ग्राहकामार्फत मिरचीचा तिखटपणाही जाणवतो. तुरटपणा हा टॅनिनांच्या योगाने लाळेतील प्रथिने बांधली गेल्यामुळे येणारा कोरडेपणा होय. मात्र तुरटपणा हाही ओकचाच असतो असे नाही. माल्टची टरफले व हॉप यांतही टॅनिने असतात. गिळल्यानंतर किती वेळ कोणती जाणीव टिकते हे शेवटी नोंदवावे. लॅक्टोन व धूर यांचा मागमूस पुष्कळ वेळ राहतो, फळांचे वास लवकर विरतात.

कारणाचा निर्णय

येथपर्यंत आस्वादकाने वर्णन केले. कारण ठरविण्यासाठी त्याला तुलना लागते. सर्वांत उपयुक्त तुलना म्हणजे त्याच घाण्यातील एलचा एक भाग पोलादी टाकीत तितकाच काळ व तितक्याच तापमानात ठेवून तो सोबत देणे. दोहोंत समान असलेले गुण पिंपामुळे आलेले नाहीत, एवढे तरी निश्चित होते. नव्याने जाळलेल्या, व्हिस्की न भरलेल्या ओकच्या पिंपातील तिसरा नमुना मिळाल्यास लाकूड व व्हिस्की यांचा भेद अंशतः उकलू शकतो. अंशतः म्हणावयाचे ते यासाठी की, नव्या पिंपातील लाकूड व्हिस्कीने निथळून नेलेले नसल्यामुळे अधिक जोरकस असते.

दोन नमुन्यांत जाणवण्याजोगा फरक आहे की नाही हे ठरविण्यासाठी कार्ल्सबर्ग येथे १९४० च्या दशकात विकसित झालेली त्रिकोण-चाचणी आजही वापरात आहे. आस्वादकापुढे तीन प्याले ठेवतात. दोन एका नमुन्याचे, एक दुसऱ्याचा. वेगळा कोणता, एवढेच त्याने सांगावयाचे. केवळ अंदाजाने उत्तर बरोबर येण्याची संभाव्यता एक-तृतीयांश असल्यामुळे १२ आस्वादकांपैकी चौघांची उत्तरे निव्वळ योगायोगाने बरोबर येणे अपेक्षित असते. सातजणांची उत्तरे बरोबर आली तरी तेवढी किंवा त्याहून अधिक उत्तरे योगायोगाने बरोबर येण्याची संभाव्यता सुमारे ६·६ टक्के राहते. आठ बरोबर आली तर ती सुमारे १·९ टक्के होते, आणि तेव्हाच रूढ पाच टक्क्यांच्या कसोटीने फरक सिद्ध मानतात. वर्णभेदामुळे उत्तर फुटू नये म्हणून प्याले गडद रंगाचे घेतात किंवा प्रकाश लाल ठेवतात.

येथे एक व्यावहारिक मर्यादा आहे. ११ टक्के मद्यार्काच्या एलचे ३० मिलिलिटरांचे सहा प्याले, म्हणजे दोन त्रिकोण, गिळले असता सुमारे १५·६ ग्रॅम मद्यार्क पोटात जातो. तिसऱ्या त्रिकोणाने तो २३ ग्रॅमांवर पोचतो. ज्या साधनाने मापन करावयाचे तेच साधन मापनाच्या ओघात बिघडत जाते. म्हणून एका बैठकीत दोन त्रिकोणांवर थांबणे, मध्ये पाणी व साधा पाव देणे आणि प्याल्यांचा क्रम प्रत्येकासाठी बदलणे हे नियम शिष्टाचाराचे नसून अचूकतेचे आहेत.

शब्दांचा प्रश्न

फरक सिद्ध झाला तरी तो सांगावयाचा कोणत्या शब्दांत? १९७९ साली मॉर्टन माइलगार्ड व त्यांचे सहकारी यांनी बिअरच्या स्वादाची परिभाषा १४ वर्गांत मांडली व ती चक्राच्या आकृतीत दाखविली. युरोपीय व अमेरिकन मद्यशास्त्रीय संस्थांनी तिचा स्वीकार केला. या परिभाषेचे खरे बळ वर्तुळाच्या आकृतीत नाही. शब्दामागे प्रमाणद्रव्य उभे करण्याच्या पद्धतीत आहे. 'लोण्याचा वास' म्हणजे काय, यावर वाद घालण्याऐवजी ठराविक प्रमाणात डायअॅसिटिल घातलेली बिअर सर्वांना हुंगावयास देतात, आणि शब्द त्या अनुभवाला बांधला जातो.

अशी बांधणी न केल्यास शब्द कसे सरकतात याचे प्रमाण आपल्याच भाषेत आहे. आयुर्वेदात मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त व कषाय असे षड्रस सांगितले आहेत. तेथे 'कटु' म्हणजे मिरीसारखे झोंबणारे, आणि 'तिक्त' म्हणजे कडुनिंबासारखे. मराठीत मात्र 'कटु'पासून आलेला 'कडू' हा शब्द कडुनिंबाला जाऊन चिकटला आणि झोंबणाऱ्या चवीला 'तिखट' हा शब्द रूढ झाला. जिभा बदलल्या नाहीत, निंब बदलला नाही. शब्दाने तेवढी जागा बदलली. आधुनिक शरीरक्रियाशास्त्र गोड, आंबट, खारट, कडू आणि १९०८ साली इकेदा यांनी दाखवून दिलेला उमामी असे पाच रस मानते, आणि तिखट व तुरट यांना स्पर्शाच्या जातीत घालते. तरीही प्राचीनांनी या दोहोंना स्वतंत्र नावे देऊन वेगळे ठेवले, यात निरीक्षणाची सूक्ष्मता आहे. तीव्र एलच्या घोटात मद्यार्काचा दाह व ओकचा तुरटपणा यांना 'कडक' या एका शब्दात गुंडाळणाऱ्याने ती जरूर घ्यावी. खमंग, करपट, खवट, आंबूस, कुबट, धुरकट असे गंधभेद दाखविणारे शब्द मराठीत भरपूर आहेत. उणीव आहे ती त्यांना प्रमाणद्रव्ये जोडून देण्याची, आणि ते काम प्रयोगशाळेत बसून करता येण्यासारखे आहे.

मूल्याचा प्रश्न

शेवटी मूल्यविधान. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश मद्यनिर्माते पिंपांसाठी बाल्टिक किनाऱ्यावरील मेमेल बंदरातून, म्हणजे आजच्या लिथुएनियातील क्लायपेडा येथून, येणारा ओक पसंत करीत. त्याचा गुण असा की तो बिअरला चव लावीत नसे. अमेरिकन ओक चव लावतो, म्हणून त्याला दूषण देत. आज ज्या व्हॅनिला व नारळाच्या छटेसाठी ग्राहक अधिक दाम मोजतो, तीच छटा त्या काळच्या ग्राहकाने दोष म्हणून परत पाठविली असती. स्कॉटलंडातील 'इनिस अँड गन' या एलची उत्पत्तीही अशीच उद्बोधक आहे. व्हिस्कीला एलची छटा यावी म्हणून एका व्हिस्की-निर्मात्याने पिंपे एल भरून मुरवून घेतली. काम झालेली एल टाकाऊ समजली जात होती. ती चाखून पाहिल्यावर तिचे गुण लक्षात आले आणि २००३ साली ती स्वतंत्रपणे बाजारात आली. द्रव तोच, रेणूही तेच. तो टाकाऊ की मोलाचा, हे ठरविणारी अपेक्षा मात्र पालटली.

याचा अर्थ मूल्यविधान निरर्थक आहे असा नाही. तपकिरी एलमध्ये माल्टचा खमंगपणा ओळखू येत असेल आणि पिंपाचा स्वाद त्याच्या जोडीने चालत असेल तर ती मेळाची मानावी, व माल्ट अजिबात न जाणवता केवळ व्हॅनिला व दाह उरला असेल तर ती बिघडलेली मानावी, ही कसोटी समंजस आहे. तथापि ती आजच्या परंपरेची कसोटी आहे, आणि तसे स्पष्ट म्हणूनच ती वापरली पाहिजे.

सारांश, आस्वादकाच्या नोंदवहीत तीन स्तंभ असावेत. पहिल्यात त्याला जे जाणवले ते, प्रमाणद्रव्यांशी बांधलेल्या शब्दांत. दुसऱ्यात त्याचे संभाव्य उगम, एकाहून अधिक असल्यास सर्व, आणि त्यांपैकी कोणता तुलनेने किंवा मापनाने सिद्ध झाला आहे ते. तिसऱ्यात त्याचा अभिप्राय, आणि तो कोणत्या परंपरेला धरून दिला आहे ते. पहिला स्तंभ भरण्यास सराव लागतो, दुसरा भरण्यास प्रयोग लागतो, आणि तिसरा भरण्यास इतिहासाची जाण लागते. अनेकदा दुसरा स्तंभ पुष्कळसा कोरा राहील. तो कोरा ठेवण्याचे धैर्य ज्याच्या अंगी आहे, त्याच्या पहिल्या स्तंभावर विश्वास ठेवण्यास हरकत नाही.